होम्सच्या थिएटरातली साथ

"हात जोडते, पण टाळ्या वाजवू नकोस!" वफीका कुजबुजली.

"अगं ताई, तू पडद्यावर येणार आणि मी हाताची घडी घालून बसू?" तिची मामेबहीण हैफा खुसखुसली.

"आधी मागे बघ."

हैफानं मान वळवली. शेवटच्या रांगेत कातडी जाकिटातला एक माणूस बसला होता. असा माणूस कोण असतो, हे सीरियातल्या होम्स शहरातलं शेंबडं पोरही सांगेल. हैफाचं हसू जागच्या जागी विरलं. वफीकाच्या भावाला असल्याच एका गुप्त पोलिसानं उचललं होतं. तो पुन्हा दिसला नाही.

वफीका सरकारी इस्पितळातली साधी नर्स. तिच्या वॉर्डात चित्रीकरण झालं आणि दिग्दर्शकानं तिलाच कॅमेऱ्यापुढे उभं केलं. वाक्य एकच. सिनेमा होता आवाज गेलेल्या गावाचा. त्या काळी लेखक म्हणू नका, दिग्दर्शक म्हणू नका, सगळ्यांनी दवाखानाच गाठला होता! देशाला रोग जडलाय म्हटलं की माणूस गायब; गावाला ताप आलाय म्हटलं की सेन्सॉरच्या परवानगीचा शिक्का. शिक्का मिळाला होता खरा. पण तिच्या वाक्यावर कुणी टाळी वाजवली, तर जाकीटवाल्याला अर्थ कळणार आणि तिलाही उचलणार.

टाळ्यांचं तर विचारूच नका. सुरुवातीच्या बातमीपटात राष्ट्राध्यक्ष दिसले आणि लोक तळहात लाल होईपर्यंत बडवत राहिले. आधी थांबणार कोण?

मग तो प्रसंग आला. पडद्यावर वफीका, चक्क घराएवढी! परगावच्या डॉक्टरनं विचारलं, "यांना झालंय तरी काय?" मुक्या रोग्यांच्या रांगेकडे बघत ती म्हणाली, "काही नाही, डॉक्टर. इथं सगळे ठणठणीत आहेत."

थिएटर चिडीचूप.

पुढे कुणीतरी खोकलं. मग डावीकडे एक बाई. मग बाल्कनी. बघता बघता अख्खं थिएटर खोकू लागलं, म्हातारेकोतारे, कॉलेजातली पोरं, दारावरचा तिकीट फाडणारासुद्धा! छत दणाणलं. वफीकानं वळून वळून पाहिलं. बाप रे, एवढी माणसं! आणि एकही टाळी नाही.

जाकीटवाला ताडताड तिच्यापाशी आला. "तू तीच नर्स ना? काय झालंय यांना?"

"थंडी पडलीय, साहेब."

त्यानं चारी बाजूंना पाहिलं. धरणार कुणाकुणाला? तो तसाच दाराबाहेर गेला.

हैफानं तिचा गारठलेला हात घट्ट धरला. वफीकानं दुसऱ्या हातानं स्कार्फ तोंडाशी नेला आणि हळूच, एकदाच, खोकली.