लिंबाला अडलेली बस

मी एक जुनी जर्मन बस आहे, मित्रांनो. पण हुरळून जाऊ नका, वीतभरच आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीच्या रस्त्यांवर गोल नाकाच्या, छतालाही काचा असलेल्या बस धावायच्या. त्यांचीच मी हुबेहूब छोटी प्रतिकृती. अंग ओतीव धातूचं, खाली सायीचा रंग आणि वर आकाशी. आता बोलायचंही त्राण उरलेलं नाही, पण बसलेच आहे तर सांगते.

१९९३ साली इचलकरंजीच्या एका कारखान्यात नवे माग बसवायला जर्मनीहून एक साहेब आला. कबनूरच्या कामगारांना पाळीला नेणाऱ्या कारखान्याच्या बसमधून, ड्रायव्हर चन्नाप्पाच्या शेजारी बसून तो रोज जायचा. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, तरी गप्पा व्हायच्याच. परत जाताना साहेबानं मला चन्नाप्पाच्या हातात ठेवलं. "साहेब, हिला जिवापाड जपतो बघा," चन्नाप्पा म्हणाला, तेही मराठीत!

आणि जपलं हो त्यानं, पण आपल्या पद्धतीनं. खंडेनवमीला मोठी बस धुऊन, हार घालून पूजायची, तिच्या पुढ्यात मलाही मांडायची. चाकांत मागाचं तेल, टपावर हळदकुंकू. गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवतात ना, तेही मला! ते माझ्या खिडक्यांपर्यंत यायचं. ढकललं की मी त्याला धडकून थांबायचे नि चन्नाप्पा खो खो हसायचा, "अगं, गिअर टाक की!"

एका वर्षी मोठ्या बसला लाल रंग दिला. त्यातला उरलेला त्यानं ब्रशानं मला फासला. मी ज्यातून आले ते पुठ्ठ्याचं खोकं त्याची बायको रत्नव्वा हिनं जळण म्हणून बंबात घातलं. राग आला होता, खोटं कशाला सांगू? पण एवढ्या मायेनं हात लावणाऱ्यावर राग टिकतो होय?

२००१ साली त्यांची मुलगी शांभवी हिच्या ओळखीचे एक गृहस्थ घरी आले. अशा छोट्या गाड्या जमवायचे. मला उलटंपालटं करून त्यांनी कपाळाला हात लावला. "काका, काय केलंत हे? मूळ रंग गेला, खोकं गेलं. पार मातीमोल केलीत की हिला!"

चन्नाप्पाचा चेहराच उतरला. "साहेबाला शब्द दिलता मी," एवढंच पुटपुटून त्यानं मला कपाटात ठेवलं. सहा खंडेनवम्या गेल्या. माझ्या अंगावर कुणाचं बोट पडलं नाही. तेल गोठलं, चाकं जाम झाली. डांबरगोळ्यांच्या वासात पडून पडून मी अगदी शिणून गेले.

२००७ साली चन्नाप्पाची नजर कमी झाली. बसची किल्ली कारखान्यात जमा करून तो घरी बसला. त्या खंडेनवमीला पूजायला गाडीच नव्हती. तो सकाळपासून उंबऱ्यावरच बसून होता. रत्नव्वानं मला कपाटातून काढून ताटात ठेवलं.

"ती नको. वाटोळं केलंय मी तिचं."

"कोण म्हणतंय?"

"त्यो पावणा सांगून गेला न्हाय का?"

"पावणा आला नि घटकाभरात गेला. तुमच्याजवळ ही चौदा वर्सं हाय. ढकलून तर बघा की!"

चन्नाप्पानं चष्मा पुसला. काडीनं चाकांतला मळ काढला, तेल सोडलं, पुढ्यात लिंबू ठेवलं नि ढकललं. मी हललेच नाही. पुन्हा ढकललं. मित्रांनो, मी होता नव्हता तेवढा जीव एकवटला. चाक कुरकुरलं, फिरलं आणि मी थेट लिंबावर आदळले.

मग डोळे पुसत चन्नाप्पा हसला, "अगं, गिअर टाक की!"

म्हणून सांगते, मित्रांनो. वस्तू जपा, तिचं खोकं जपा, रंग लावण्याआधी जाणत्याला विचारा. पण कुणी मायेपोटी चुकला तर त्याच्या वस्तूला मातीमोल म्हणू नका. वस्तू कपाटात जाते आणि तिच्याबरोबर माणूसही आत जातो. मी आता फार थकलेय. पुढच्या खंडेनवमीला लिंबू तेवढं लहान बघून आणा.