अमरपट्टा लावून दिलेला आकडा

मित्रांनो, मी एक जुना कंट्रोलर आहे. गेम खेळताना तुम्ही दोन्ही हातांत धरता ना, तोच. काही जण मला रिमोट म्हणतात. म्हणा, माझं काही बिघडत नाही. माझ्या डाव्या बाजूचं रबर झिजलंय आणि एक बटण दाबलं की वर यायला वेळ लावतं. सध्या मी एका पुठ्ठ्याच्या खोक्यात पडून आहे. शेजारी तीन जुने चार्जर आणि एक बंद पडलेली इस्त्री. मी सांगणार आहे ती गोष्ट फार आनंदाची नाही. पण सांगितल्याशिवाय मला राहवत नाही, कारण जे झालं त्यात मीही सामील होतो.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. तिथे कुणी बटणं बसवी, कुणी वायर जोडी. शेवटच्या टेबलावरच्या मुलीने माझ्या पोटात दोन इवल्या मोटरी बसवल्या. या मोटरी फिरल्या की मी थरथरतो. पडद्यावर गाडी आपटली तर जोरात, पाऊस पडला तर हळू. त्या मुलीने मला कानाशी धरून ती थरथर ऐकली आणि मान हलवली. मी पास झालो. मित्रांनो, थरथरायचं की नाही हे माझ्या हातात नसतं. गेमकडून हुकूम आला की मी थरथरतो.

मला वाटलं होतं, आपण एखाद्या मुलाच्या घरी जाऊ. पण मी गेलो एका कार्यालयात. बाजारात येण्याआधी प्रत्येक गेम तिथे येई. परीक्षक तो खेळून बघत, एक तक्ता भरत आणि खोक्यावर कुठलं लेबल लावायचं ते ठरवत. सातच्या पुढच्यांसाठी, बाराच्या, सोळाच्या किंवा अठराच्या. तक्त्यात रकाने होते. रक्त आहे का, शिव्या आहेत का, दारू, जुगार, उघडेवाघडेपणा. ज्या रकान्यात खूण पडेल त्यावरून आकडा ठरे.

मी एका मॅडमच्या टेबलावर होतो. वयाने तरुण, चष्मा सारखा नाकावरून घसरणारा. टेबलाच्या काचेखाली त्यांनी दोन मुलांचा फोटो ठेवला होता, एक मोठी मुलगी आणि तिच्या कडेवर धाकटा भाऊ. मॅडम कामाला चोख होत्या. साध्या ढकलाढकलीलाही त्या थांबत, मागे जाऊन पुन्हा बघत. बाकीचे थट्टा करत, "मॅडम, तुमच्या हातून लुडोसुद्धा अठराचा होऊन बाहेर पडायचा!" त्या हसत आणि तक्त्यात आणखी एक खूण करत. साहेब मात्र पाहुण्यांना त्यांचं टेबल आवर्जून दाखवत. "आमच्या सगळ्यात बारकाईने बघणाऱ्या परीक्षक," म्हणत. तेव्हा मलाही उगाच ऐट वाटे.

पण एक गोष्ट सांगायची राहिली. गेम चाळीस-चाळीस तासांचे असत आणि फाईल दोन दिवसांत पुढे सरकवावी लागे. म्हणून कंपन्या परीक्षकांसाठी एक सोय करून देत. माझी तीन बटणं एकदम दाबली की पडद्यावरचं माणूस मरतच नसे. कितीही आपटा, बुडवा, जाळा, ते आपलं चालतंच. कार्यालयात या सोयीला अमरपट्टा म्हणत. "अमरपट्टा लावला का?" "लावला." की झाली सुरुवात. अमरपट्टा लावला की गेम शेवटपर्यंत भरभर बघून होई. त्यात चूक आहे असं कुणाला वाटलं नाही. मॅडमनाही नाही.

एकदा एक गेम आला. त्याचं नाव मी मुद्दाम सांगत नाही, तुम्ही लगेच शोधायला जाल. रिकाम्या शहरातून धाकट्या भावाचा हात धरून घरी पोचायचं, एवढाच खेळ. चित्रं इतकी सुंदर की मॅडमनी चष्मा पुसून पुन्हा पाहिली. सुरुवातीला गेम विचारतो, धाकट्याने तुम्हाला काय म्हणून हाक मारायची? समोर यादी येते. मॅडमनी पहिलाच शब्द निवडला, अमरपट्टा लावला आणि दीड दिवसात भावाला घरी पोचवलं. रक्त नाही, शिवी नाही. तक्त्याचे सगळे रकाने कोरे. "किती दिवसांनी काहीतरी चांगलं आलं," असं म्हणत त्यांनी बारा लिहिलं आणि खाली सही केली. मी त्यांच्या हातात होतो. त्या दीड दिवसात मी फक्त पावसापुरता थरथरलो.

काही महिन्यांनी कार्यालयात बिनवायरचे नवे कंट्रोलर आले. आम्हा जुन्यांना काढून टाकायचं ठरलं. मॅडमनी साहेबांना विचारून मला घरी नेलं. मुलीला बारा वर्षं पूर्ण झाली होती आणि आईने तिच्यासाठी तोच गेम आणला होता. "हा मी स्वतः पाहिलाय. एकदम तुझ्यासाठी."

घरात त्या मुलीला सगळे ताईच म्हणत, कारण तिचा तीन वर्षांचा भाऊ दिवसभर ताई, ताई करत तिच्या मागे असे. त्याला सगळे पिल्लू म्हणत. ताईने मला हातात घेतलं आणि यादीतून शब्द निवडला, 'ताई'.

मित्रांनो, तिच्याकडे अमरपट्टा नव्हता. तुमच्याकडेही नसतो. नवीन खेळणारा हरणारच. ताई तिसऱ्याच पुलावर हरली आणि जे कार्यालयात कुणी पाहिलं नव्हतं ते पडद्यावर आलं. धाकट्याचा हात सुटला. तो धुक्यात मागे मागे जाऊ लागला आणि त्याने हाक मारली, "ताई, तू हात का सोडलास?" पुन्हा, "ताई?" कुठलंही बटण दाबा, ते थांबत नाही. त्याच वेळी मला हुकूम आला. धक धक, धक धक. एका लहान छातीचे ठोके मी ताईच्या तळहातांना देऊ लागलो. मग हळू. आणखी हळू. मग काहीच नाही.

ताईने मला खाली ठेवलं आणि घाम पुसला. मग पुन्हा उचललं, त्याला परत आणायला. ती त्या आठवड्यात किती वेळा हरली ते मी मोजलं नाही. प्रत्येक वेळी ते ठोके मीच दिले.

 ताई पिल्लूचं मनगट सोडेना. जेवताना, टीव्ही बघताना, तो बाथरूममध्ये गेला तरी दाराबाहेर. बालवाडीत सोडायची वेळ झाली की कडी लावून उभी. "आज नको ना पाठवू, आई." बाबा म्हणाले, "फारच माया आलीय भावाची! मागच्या महिन्यात रंगपेटीवरून त्याला चिमटे काढत होतीस ना?" आई हसली. पण पिल्लूच्या मनगटावरचा लाल वळ दिसला तेव्हा तिचं हसू थांबलं.

मग बागेत तो प्रकार झाला. पिल्लू घसरगुंडीवर बसला होता. ताईने खालून त्याचा हात धरला होता. तो घसरला, तिने सोडलं नाही. त्याचं कोपर निखळलं. डॉक्टरांनी ते मिनिटभरात बसवलं. लहान मुलांना होतं असं, म्हणाले. पण घरी आल्यावर बाबांचा पारा चढलेलाच होता.

"अगं, हात धरतात की उपटतात? काय चाललंय तुझं?"

 आईने ताईला जवळ घेतलं. तेव्हा ताई म्हणाली, "आई, तो गेला की कुठे जातो?"

"कोण?"

"गेममधला. हात सुटला की."

"कुठे जातो म्हणजे? तो घरी पोचतो. मी पाहिलंय की."

"तू हरली नव्हतीस?"

 आईने मला उचललं, यादीतून 'ताई' निवडलं आणि मुद्दाम हात सोडला. मी काय सांगू? ते बारीक होत जाणारे ठोके मी तिच्या हातात दिले तेव्हा तिची बोटं गार पडत गेली. संपल्यावर ती ताईला म्हणाली, "तो कुठेच जात नाही, राणी. ते चित्र आहे."

"मग तो माझं नाव कसं घेतो?"

आईने गेम बंद केला.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी मला पर्समध्ये घातलं आणि कार्यालयात नेलं. समितीची बैठक भरली. टेबलाच्या एका टोकाला साहेब, शेजारी समितीतले निवृत्त मास्तर, समोर गेमच्या कंपनीचे गृहस्थ. मॅडम म्हणाल्या, "या गेमला अठरा द्या."

कंपनीचे गृहस्थ हसले. "मॅडम, रक्ताचा थेंब नाही, साधी 'गाढवा' म्हणून शिवी नाही. अठराचं लेबल लावायचं कशावर? ठोक्यांवर?"

"हो. ठोक्यांवर."

"तक्त्यात ठोक्यांचा रकाना नाही," साहेब म्हणाले.

मास्तर म्हणाले, "आणि एक बघा. दारावर 'आत येऊ नये' लिहिलं की वर्गातलं कोण आधी शिरतं ते मी चाळीस वर्षं पाहिलंय. अठरा लिहिलंत तर पोरं मुद्दाम आणतील."

"आणतील काही. पण घेऊन देणारे आईबाप तरी थबकतील. मी थबकले नाही, कारण वर बारा लिहिलं होतं. आणि ते मीच लिहिलं होतं."

त्यांनी मला टेबलावर ठेवलं. "एकेकाने हरून बघा." साहेबांनी हात टेबलाखाली घेतले. मास्तरांनी मला उचललं. म्हातारी बोटं, मिनिटभरात हरले. ठोके थांबल्यावर त्यांनी मला इतकं हळू खाली ठेवलं, जणू मी झोपलो होतो.

"गेम वाईट आहे असं मी म्हणणार नाही," ते म्हणाले. "फार चांगला केलाय हो. तेच जड जातं. मॅडमचं बरोबर आहे."

साहेबांनी फाईल उघडली. "मॅडम, सही तुमची आहे. पूर्ण खेळला होतात ना?"

इथे मॅडमना 'हो' म्हणून सुटता आलं असतं. खोटंही ठरलं नसतं.

"शेवटपर्यंत खेळले. अमरपट्टा लावून. एकदाही हरले नाही."

 साहेब टिपणं घेणाऱ्या कारकुनाकडे वळले. "हे लिहून घेऊ नका."

"लिहून घ्या," मॅडम म्हणाल्या.

"अहो, याचा अर्थ कळतो का तुम्हाला? मागचे सगळे आकडे लोक उकरून काढतील. सगळ्यांचेच."

"कळतो. त्या जुन्या आकड्यांच्या विचाराने मलाही झोप लागत नाही, साहेब. पण लिहून घ्या."

कारकुनाने लिहिलं. महिन्याभराने गेमला अठरा मिळालं. पण फक्त नव्या खोक्यांवर, मित्रांनो. जी खोकी घराघरांत पोचली होती त्यांच्यावर अजून बाराच आहे, माझ्या मॅडमच्या सहीने दिलेला. मॅडमना परीक्षणाच्या टेबलावरून उठवून आवक-जावकच्या खिडकीत बसवलं. तक्त्यात 'हरल्यावर काय होते' असा एक रकाना आला. परवा मॅडम घरी बाबांना सांगत होत्या, "बहुतेक जण त्यात 'विशेष काही नाही' लिहितात. मी रोज खिडकीतून त्या फाईली पुढे पाठवते."

गेम घरातून गेला, मी या खोक्यात आलो, पण जे ताईच्या तळहातांत शिरलं ते गेलं नाही. आई रोज संध्याकाळी तिच्याजवळ बसते, तिचे हात चोळून देते, काही विचारत नाही. हल्ली ताई पिल्लूला बालवाडीला जाऊ देते. दाराशी एकेक बोट सोडवत म्हणते, "परत येशील ना?" तो वैतागतो, "येईन गं!" तो जिना उतरून जातो तरी ती तळहात पालथा करून बघत उभी राहते. मला खोक्याच्या फटीतून ते दिसतं आणि माझ्या मोटरी नुसत्या जड होतात.

मित्रांनो, उद्या भंगारवाला येणार आहे. त्याआधी एवढंच मागतो. गेमच्या खोक्यावरचा आकडा वाचा. त्याला हसू नका. पण तो देणारंही माणूसच असतं, आणि घाईत असतं, हे विसरू नका. पहिल्यांदा खेळाल तेव्हा आईला नाहीतर बाबांना शेजारी बसवा, आणि मला आधी त्यांच्या हातात द्या. त्यांना हरू द्या. हरल्यावर त्यांचा चेहरा कसा होतो ते बघा. आणि तुमच्या हातांत माझ्यासारखा कुणी थरथरला आणि तुम्हाला भीती वाटली, तर ती एकट्याने मुठीत धरून ठेवू नका. मला बोलता येत नव्हतं. तुम्हाला येतं.