गोग्रास

वरून फर्मान आलं होतं: तिसरीच्या मुलांकडून संस्कारांचा प्रकल्प करून घ्या आणि फोटो पाठवा. रुची मॅडमनी गोग्रास निवडला. जेवणाआधी गाईला घास द्यायचा. खर्च नाही, फोटोही झकास. "जो जास्त देईल त्याला जास्त पुण्य," असंही उत्साहाच्या भरात त्या बोलून गेल्या.

शाळेच्या फाटकासमोर निर्मलाबाईंची कपिला बांधलेली असायची. कामठ्याच्या बाजूचं गाव धानाचं, म्हणजे डब्याडब्यात भातच. अख्खा वर्ग रांगेने घमेल्यात भात ओतत गेला आणि मॅडम मोबाइल आडवा-उभा धरून फोटो काढत राहिल्या. गुंजनने तर सगळा डबाच उपडा केला, स्वतः उपाशी राहिली. मॅडमनी तिच्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या. निर्मलाबाई धानाच्या रोवणीला गेल्या होत्या. गाय दुसऱ्याची, पुण्य आपलं. विचारायचं कुणाला सुचलंच नाही.

दुपारी कपिला आडवी पडली. पोट टम्म फुगलं, रवंथ बंद. निर्मलाबाई चिखलाच्या पायांनी धावत आल्या.

"माय वो, एवढा भात कोणं चारला इले? गाय फुगून राहिली न!"

हेडमास्तर खुशाल सर मॅडमच्या कानाशी लागले. "लेकरांनी चारला म्हणा. लेकरांना कोण काय बोलणार?"

ती पळवाट मॅडमना क्षणभर बरी वाटली, आणि त्याचीच जास्त लाज वाटली.

"मीच चारायला लावला, बाई. माझं चुकलं."

निर्मलाबाई मॅडमकडे न बघता कपिलेचं पोट चोळायला बसल्या. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. गुरांच्या डॉक्टरांनी नळी घातली, सोडा पाजला. संध्याकाळी कपिला एकदाची उठली.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत गुंजन फाटकाशी उभी होती. कपिलेने मान लांबवली तशी ती मागे सरली.

"काय झालं गं?" मॅडमनी विचारलं.

"मी नाई देत. माह्या भातानं मरून राहिली होती ते."

कुणी न सांगता रस्त्यातल्या कुत्र्याला रोज पोळीचा तुकडा टाकणारी ही पोर. हिला दया शिकवायला निघाले आणि होती तीही घालवून बसले, मॅडमना वाटलं.

त्यांनी बांधावरचं मूठभर गवत उपटून तिच्यापुढे धरलं. "गवताने काही होत नाही. दे."

गुंजनने गाईकडे नाही, मॅडमकडे पाहिलं. "कालबी तुमीच सांगतलं होतं."

मॅडमचा हात खाली आला. पलीकडे निर्मलाबाई शेण भरत होत्या.

"चल, आधी त्यांना विचारू," मॅडम म्हणाल्या.

गुंजनने जरा विचार केला.

"तुमीच विचारा," ती म्हणाली. "मी मांगं उभी राहतो."