एक्केचाळिसावं तळं

पाहणीवाले काका निवृत्त व्हायला नऊ दिवस उरले होते. आयुष्यात त्यांनी एक्केचाळीस शेततळ्यांची पाहणी केली. त्यातली चाळीस खुर्चीत बसून. अनुदानाच्या फायलीत फोटो लागे, म्हणून एकाच देखण्या तळ्याचा फोटो कधी डावीकडून, कधी उजवीकडून कापून त्यांनी चाळीस फायलींत चिकटवला. ती तळी खरोखर आहेत का, हे काकांनाही ठाऊक नव्हतं.

एक्केचाळिसावं मात्र ते स्वतः उन्हात उभे राहून टेपने मोजून आले. तिथेच कॅमेरा पाण्यात पडला. नडलं ते हेच.

लेखापरीक्षकांनी चाळीस फायलींवर हिरवी खूण केली आणि एक्केचाळिसावीवर लिहिलं, ‘तळे अस्तित्वात नाही.’ पाहणी खोटी ठरली की पेन्शन अडकली.

“साहेब, तासाभराची वाट आहे. चला, दाखवतो.”

“मी फायली तपासतो. चिखल तपासायला वेगळा विभाग आहे.”

“पाया पडतो. पेन्शन थांबली तर घरी हिचं औषध थांबेल.”

“मग फोटो आणा. अनुदान देण्याआधीचा.”

काकांनी तळ्याच्या मालकिणीला, म्हणजे मावशींना, फोन केला. मावशी झाकणाचा डबा घेऊन आल्या.

“हे माझ्या तळ्यातलं पाणी. मासाही आहे, विचारा त्याला.”

साहेबांनी वाकून पाहिलं. “यावर दिनांक नाही.”

मग काकांनी घाम पुसला आणि खण उघडला. त्या देखण्या तळ्याच्या फोटोची एक प्रत उरली होती, अख्खी.

“सापडला, साहेब.”

हिरवं पेन उघडलं. मावशींनी चष्मा लावला.

“हे माझं नाही. माझ्याकडे पंपघर कुठंय?”

“मावशी, लांबून काढलाय.”

“लांबून काढला म्हणून पंपघर उगवतं होय रे?”

“गप्प बसा हो. हात जोडतो.”

“जोड. पण दुसऱ्याच्या तळ्याला मी माझं म्हणणार नाही.”

साहेबांनी पंपघराकडे पाहिलं. मग हिरवी खूण केलेली पहिली फाईल उघडली. तिच्यात पंपघराचं छप्पर होतं. दुसरीत दार. तिसरीत दार आणि अर्धी खिडकी. त्यांनी पेन बदललं, लाल घेतलं आणि उरलेल्या सदतीस फायली पुढ्यात ओढल्या.

काका भिंतीला टेकून हळूहळू खाली बसले. मावशींनी डब्यातला मासा नीट आहे ना ते पाहिलं आणि मायेने म्हणाल्या,

“बरं झालं मी वेळेवर आले. नाहीतर तुझ्यावर खोटेपणाचा आळ आला असता.”