बोरगावच्या जावयाची मुलाखत

केबलचा धंदा मोबाइलनं बसवला, तेव्हा पांढुर्ण्याच्या कुलदीपनं मोबाइललाच हाताशी धरलं आणि गावच्या जाम नदीच्या नावानं ‘जाम-दर्शन’ हे चॅनल काढलं. सकाळी संत्र्याचे भाव, दुपारी कापसाचे, संध्याकाळी भजन, आणि दर गुरुवारी हिमानीचा ‘जगाचा सवाल’.

हिमानी नागपुरात पत्रकारिता शिकून आलेली. युद्ध, व्यापार, हवामान यांच्यापेक्षा लहान विषयाला ती हात लावत नसे. नागपूरहून रेल्वेनं जाणाऱ्या मोठ्या माणसांना गाठून, गोड बोलून ती पांढुर्ण्यात उतरवून घ्यायची. एक माजी राजदूत येऊन गेले, एक अर्थतज्ज्ञ येऊन गेले. दोघांनी आनंदानं चहा घेतला, संत्र्याची पेटी नेली, आणि बदल्यात तासभर बोलून काहीही दिलं नाही. युद्ध कधी थांबेल, तर दोन्ही बाजूंनी संयम हवा. महागाई कधी उतरेल, तर परिस्थितीवर लक्ष आहे. व्यवहार म्हणून पाहिलं तर पेटी वाया गेली.

“हिमानी, भजनाले लोक आरतीपर्यंत थांबून राहिले,” कुलदीप म्हणाला. “तुह्या राजदूताले चौथ्या मिनिटाले सोडून पळाले.”

“विषय मोठा होता, दादा.”

“विषय मोठाच आहे. जवाब कुठं आहे? एक खरा जवाब आण, फक्त एक. यावेळी नाही आणला तर गुरुवार सौसरच्या भजन मंडळाले देऊन टाकतो. ते रोज फोन करून राहिले.”

हिमानीला हे लागलं, कारण ते खरं होतं. पण नेमके त्याच आठवड्यात डॉ. हेमंत शितोळे सासुरवाडीला येत होते. मूळचे पुण्याचे, राहायला जिनिव्हात, काम देशादेशांतली नद्यांची भांडणं मिटवण्याचं. गेल्याच वर्षी त्यांच्या मध्यस्थीनं दोन देशांनी पाण्याच्या करारावर सह्या केल्या होत्या. त्यांची बायको ऋतुजा बोरगावची, हिमानीची सख्खी मामेबहीण.

“घरचाच माणूस!” कुलदीप खूश झाला. माणूस घरचा असला की त्याला काही विचारता येत नाही, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. ऋतुजाच्या वडिलांच्या, शालिकराममामांच्या मात्र आधीपासून ध्यानात होतं.

“मुलाखत घे,” मामांनी परवानगी दिली, “पण जावयाले अवघड वाटन असं काही विचारायचं नाही. रुसून गेले तं समजावाले तुहा कुलदीप जाणार हाय काय जिनिव्हाले?”

“नाही विचारणार, मामा.”

मुलाखत बोरगावलाच, मामांच्या पडवीत ठेवली. दोन मोबाइल तिवईवर बसवले. समोर सगळं घर, आणि बाजूच्या चार घरांतली माणसं. हिमानी शब्दाला जागली. ‘सर, सर’ करत तिनं मऊ मऊ विचारलं आणि सरांनी त्याहून मऊ उत्तरं दिली. संवाद हाच मार्ग आहे. आम्ही सावध आशावादी आहोत. मामा प्रत्येक वाक्याला मान डोलावत होते. सुधामामी दोनदा आत जाऊन वरण पाहून आल्या. मोबाइलमागे उभ्या कुलदीपनं हिमानीकडे बघून हवेतच टाळ वाजवून दाखवले.

हिमानीनं प्रश्नांचा कागद उलटा ठेवला आणि ओढणी खांद्यावर नीट घेतली.

“भाऊजी,” ती म्हणाली.

पडवी जागी झाली.

“कराराच्या फोटोत दोन मंत्री सह्या करून राहिले, अन् मधात तुम्ही असे उभे,” तिनं गाल ओढून हसून दाखवलं, “फोटोवाल्यानं दटावलेल्या नवरदेवावाणी. आता खरं सांगा, फोटो झाल्यावर ताईले फोन करून काय म्हटलं?”

बायका खुदखुदल्या. मामा उठलेच. “हिमानी! काय ठरलं होतं आपलं?”

“बसा हो तुम्ही,” सुधामामींनी त्यांना खाली ओढलं. “मेहुणी विचारून राहिली ना. तिनं नाही त कोणी विचारावं?”

मामा बसले. जावयाला सासऱ्यानं काही विचारायचं नाही, मेव्हण्यानं जपून विचारायचं. पण मेहुणीनं काहीही विचारावं आणि जावयानं रागवू नये, हे सौसरपासून पांढुर्ण्यापर्यंत कोणत्याही मांडवात चालत आलेलं आहे. रागावला तो जावई हलका ठरतो.

डॉक्टरांनी बायकोकडे पाहिलं. ऋतुजा वाटाणे सोलत होती. “माझ्याकडे काय पाहता? सांगा. नाही तर मी सांगते.”

“मी म्हणालो,” डॉक्टर हसले, मग हसणं थांबवून म्हणाले, “की हा करार दुसऱ्या उन्हाळ्यात मोडेल.”

“अरे बाप्पा! काहून?”

“वरच्या देशानं पाणी किती सोडणार ते लिहून दिलं. कधी सोडणार ते लिहिलं नाही. खाली पेरणी कोरडी गेली आणि कापणीच्या वेळी पाणी आलं, तरी करार पाळलाच गेला म्हणायचा.”

“मग लिहून काहून नाही घेतलं?”

“अडून बसलो असतो तर सहीच झाली नसती. आणि सही न घेता परतणाऱ्या मध्यस्थाला पुढच्या भांडणात कोणी बोलावत नाही. मला बोलावलेलं आवडतं.”

मामांनी खुर्चीच पुढे सरकवली. “म्हणजे झाड बहाराले आलं तवा पाणी नाही, अन् फळ उतरल्यावर पाटभर? अन् हे तुम्ही चालू देलं, जावईबापू?”

सगळ्यात वाकडा सवाल शेवटी सासऱ्यानंच विचारला. आणि डॉक्टर थेट त्यांच्याकडे वळून बोलू लागले: कोणी काय लपवलं, कोण कोणाला घाबरलं, तो मुद्दा पुन्हा उघडायचा तर आधी आपलं चुकलं असं कोणाला म्हणावं लागेल. कुलदीपचे टाळ कधीच थांबले होते.

मोबाइल बंद झाले, जेवणं झाली, आणि मग डॉक्टरांनी हिमानीला बाजूला घेतलं. “ते ‘भाऊजी’पासून पुढचं काढून टाक. माझं ऑफिस ओरडेल.”

मामांनी ऐकलंच. “काढून टाक. जावयानं मागितलं, विषय संपला.” कुलदीपचा चेहरा पडला.

 पुढच्या गुरुवारी आपल्या जागी टाळ घेऊन कोण बसणार, हे हिमानीला आत्ताच दिसू लागलं होतं. ती म्हणाली, “काढते, भाऊजी. फक्त एकदा पाहून घ्या अन् कुठून कुठपर्यंत कापायचं ते सांगा.”

आतल्या टीव्हीवर लावलं. माणसं पुन्हा जमली. सावध आशावाद सुरू झाला तशी शेजारीण घरी दूध तापत असल्याचं आठवून उठली, मामी मागची भांडी आवरायला गेल्या, आणि मघाशी माना डोलावणारे मामा घोरू लागले. डॉक्टर स्वतःकडे बघायचं सोडून त्यांच्याकडे बघत राहिले. मग टीव्हीतून ‘भाऊजी’ ऐकू आलं. मामा खडबडून उठले, मामी ओल्या हातानं दारात येऊन उभ्या राहिल्या, आणि शेवटपर्यंत कोणी हललं नाही. ऐकून झालेलं होतं तरी.

“कापायचं ना मग?” हिमानीनं विचारलं.

“काप,” डॉक्टर म्हणाले. “पहिला भाग काप. दुसरा राहू दे.”

“अन् तुमचं ऑफिस?”

“मीच सांगतो त्यांना. ओरडतील.”

“ओरडले त सांगा,” मामा म्हणाले, “सासुरवाडीत होतो, इलाज नव्हता.”

त्या गुरुवारी लोक शेवटपर्यंत थांबले. कुलदीपनं भजन मंडळाला शुक्रवार दिला आणि शुक्रवार हाच कसा शुभ वार आहे हे त्यांना फोनवर बराच वेळ पटवून दिलं.

पुढच्या मुलाखतीला जागतिक व्यापाराचे एक मोठे जाणकार आले. कॉलरला माइक लावू देण्याआधी त्यांनी हळूच विचारलं, “मॅडम, आपलं काही नातं वगैरे नाही ना?”

“अजून सापडलं नाही, सर,” हिमानी म्हणाली. “तुमची सासुरवाडी कुठली म्हणता?”