कोऱ्या काठाचा बिल्ला

मी बिल्ला नंबर एकशे सतरा. पितळेचा, रुपयाहून जरा मोठा, वर दोरा ओवायला एक भोक. आज एका झोपडीच्या दाराशी खिळ्याला लटकतोय, म्हणून मला कुणी भंगार समजू नये. माझ्या काठावरून बोट फिरवून बघा. आधी एक खाच लागेल, मग एक आडवा चरा, आणि पुढे खाचाच खाचा. माझं सगळं आयुष्य त्या काठावर आहे.

सन अठ्ठावन्नमध्ये पुण्याच्या तांबट आळीत मला पत्र्यातून कापलं. आकडे ठोकणाऱ्याला सातावर नेमकी शिंक आली, म्हणून माझा सात अजून तिरका आहे. मग माझ्यासारख्या शेकडो भावंडांना गोणत्यात भरून पौडमार्गे मुळशीला आणलं. तिथं धरणाच्या पाण्याला वळसा घालून घाटाकडे रस्ता काढायचं काम चाललं होतं. कामावर पत्र्याच्या शेडमध्ये मजुरांसाठी एक दुकान होतं, आणि दुकानाच्या खिडकीत कोंडाजी दिवाणजी बसायचे.

दुकानाची रीत अशी. बिल्ला दाखवायचा, ज्वारी, मीठ, रॉकेल न्यायचं आणि पंधरवड्याच्या पगाराला सगळं चुकतं करायचं. चुकतं झालं की दिवाणजी कानस घेऊन बिल्ल्याच्या काठावर एक खाच पाडत. चुकलं तर आडवा चरा, आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून. ओळीनं तीन खाचा पडेपर्यंत मात्र नव्या माणसाला जामीन लागायचा. जामीन राहणाऱ्याचा बिल्ला तोवर दिवाणजींच्या लोखंडी पेटीत बंद, आणि तुटीचे पैसे त्याच्याच पगारातून कापले जायचे.

बायकांना सहसा बिल्ला नसे. त्यांची मजुरी बापाच्या नाहीतर नवऱ्याच्या नंबरावर चढायची. फुलाला बाप नव्हता, नवरा नव्हता. डोंगरावरच्या वाडीतली एकोणीस वर्षांची पोर, हातात घण घेऊन दिवसभर खडी फोडायची. तिची मजुरी जयसिंग मुकादमाच्या नंबरावर होती. मुकादम तिला ज्वारी द्यायचा, पण किती द्यायची हे त्याच्या मर्जीवर असायचं. म्हणून एक दिवस ती खिडकीशी गेली आणि आपल्या नावाचा बिल्ला मागू लागली.

दिवाणजींनी तिची पत विचारली. फुला ताठ मानेनं म्हणाली, "मी आजवर कुनाचं काय बी लागत न्हाई."

"तेच तर," दिवाणजी म्हणाले. "घेतलं न्हाईस म्हंजे फेडलं बी न्हाईस. तू कशी हायेस, ते मला कुटनं कळावं?"

मी तेव्हा त्यांच्या हातात होतो. माझा काठ कोरा करकरीत होता आणि मला त्याचा भारी गर्व होता. कोरं म्हणजे चांगलं असंच मी समजत होतो. कोरं म्हणजे नुसतं न कळलेलं, हे मला त्या दिवशी समजलं आणि मी मनातून खट्टू झालो.

रांगेत मागे गोजराबाई होत्या. नांद्याच्या विधवा बाई, खडीच्या ढिगावर सगळ्यांत जुन्या, जीभ तिखट; नवऱ्यामागे त्याचा बिल्ला त्यांच्या नावावर चढलेला. त्यांनी कनवटीचा आपला बिल्ला काढून खिडकीत ठेवला. म्हणाल्या, "ही पोर दुसऱ्याच्या ढिगातली पाटी आपल्या ढिगात वढत न्हाई. मला तेवढं बास हाय."

त्यांचा बिल्ला पेटीत गेला आणि मी फुलाच्या पदराच्या गाठीत आलो. पावसाळ्यात काम बंद असतं, त्याआधी गोजराबाईंना चार महिन्यांची बेगमी याच दुकानातून भरायची होती. त्यासाठी त्यांचा बिल्ला वेळेत सुटायला हवा होता. फुलाला ते ठाऊक होतं. पहिल्या पगाराला तिनं पै न् पै चुकती केली, माझ्या काठावर पहिली खाच पडली. कानस लागली तेव्हा दुखलं, खोटं कशाला बोलू, पण दिवसभर तिचा अंगठा त्या खाचेवरून फिरत होता.

मग काळू आला. तिच्याच वाडीचा, नात्यानं चुलतभाऊ लागणारा. त्याची बायको बाळंत झालेली, घरात गूळखोबरं नाही. त्यालाही बिल्ला हवा होता, पण त्याच्यासाठी जामीन राहायला कुणी तयार नव्हतं. त्यानं मला मागितलं, आणि फुलानं गाठ सोडली.

तिला बोल लावू नका. त्यांच्या वाडीत विस्तव, मीठ आणि कोयता मागितला तर नाही म्हणत नाहीत. मागायचं, न्यायचं, आणून द्यायचं. तिच्या लेखी मीही तसलाच एक कोयता होतो. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं की बाई, माझ्या मागे पेटीत दुसऱ्या कुणाचा तरी बिल्ला अडकलाय. पण पितळेला तोंड नाही.

खिडकीवर गर्दीत नंबर बघायचे, तोंड नाही. काळूनं गूळ, खोबरं, तेल, तांदूळ, असं सगळं बिल्ल्यावरच्या उधारीची मर्यादा संपेपर्यंत उचललं. संध्याकाळी त्यानं मला परत दिलं आणि पगाराआधी पैसे आणतो म्हणाला. दुसऱ्या दिवशी बायकोला आणि तान्ह्याला घेऊन तो घाट उतरून कोकणात सासुरवाडीला गेला.

त्यातच सुरुंगानं दरड सुटली आणि पाच दिवस काम बंद पडलं. पाच दिवसांची मजुरी बुडाली. फुलानं बोटांवर हिशेब केला. दहा रुपये देणं, पगार सात. कितीही वेळा मोजलं तरी तीन रुपये कमीच येत होते.

पगाराला चार दिवस उरले. तिनं दुकानातून काही आणणं सोडलं, रानातले कंद उकडून खाल्ले. घण टाकता टाकता ती घाटाच्या पायवाटेकडे बघायची. तीन दिवस उरले, मग दोन. गोजराबाई शेजारच्याच ढिगावर बसून बेगमीत काय काय भरायचं ते सांगत असायच्या आणि फुला खाली मान घालून हूं हूं करायची. पदरात मी तिच्या मुठीत आवळला जायचो. घामानं माझा रंग काळवंडला.

आदल्या दिवशी जयसिंग मुकादमानं तिला गाठलं. त्याला सगळं कळलं होतं. बिल्ला चोरीला गेला होता असं सांग, म्हणाला. चोरीच्या बिल्ल्यावरचा माल दुकानाच्या माथी जातो. तू सुटशील, म्हातारी सुटेल. काळूचं नाव पोलीसपाटलाकडे जाईल, पण तो तरी कुठं तुझा विचार करतोय? आणि पुढच्या पगारापासून परत माझ्या नंबरावर ये, हेही त्यानं हसत हसत जोडलं.

सल्ला बिनतोड होता, म्हणून तर मला त्याची भीती वाटली. पगाराच्या रांगेत फुला खिडकीशी पोचली. मागे गोजराबाई उभ्या होत्या, अजून त्यांना कशाचा पत्ता नव्हता. दिवाणजींनी वही बघितली, फुलाकडे बघितलं. एवढं खोबरं तू एकटीनं खाल्लंस का, असं विचारलं. शेडच्या खांबाला टेकून मुकादम ऐकत होता. दिवाणजींनी स्वतःच वाट करून दिली. "बिल्ला चोरीला गेलता का?"

फुलानं मला खिडकीत ठेवलं.

"चोरी न्हाई. मीच दिलता. मागितला म्हनून दिला."

दिवाणजींनी गोजराबाईंच्या पगारातले तीन रुपये कापले आणि माझ्या काठावर कानस आडवी फिरवली. खाचेचं दुखणं वेगळं आणि चऱ्याचं वेगळं. त्या दिवशी मला वितळून जावंसं वाटलं.

गोजराबाई ढिगापाशी आल्या. मग म्हणाल्या, "तीन रुपयं गेल्याचं काय न्हाई. तू आदी सांगितलं न्हाईस, मला खिडकीवर कळलं. त्ये लागलं." फुला तिथंच बसून रडली.

दुसऱ्या दिवसापासून आपला ढीग झाला की ती घटकाभर गोजराबाईंच्या ढिगावर खडी फोडायची. त्यांनी नको म्हटलं नाही, हो म्हटलं नाही. माझ्या काठावर पुन्हा एक, दोन, तीन खाचा पडल्या. तिसरी पडली तेव्हा काम बंद व्हायला आठच दिवस उरले होते. गोजराबाईंनी सुटलेला बिल्ला कनवटीला लावला आणि तडक ज्वारीच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या.

काळू महिन्याभरानं परत आला होता. पोर तापानं फणफणलं होतं म्हणून अडकलो, म्हणाला. खरं असेल. त्यानं सुकटीची पुरचुंडी आणली, आणि मजुरी करून तीन रुपये गोजराबाईंच्या हातावर ठेवले. दिवाळीनंतर पुन्हा काम सुरू झालं तेव्हा तो बिल्ला मागायला खिडकीशी गेला. जामीन कोण, असं विचारल्यावर त्यानं मान खाली घातली.

फुलानं मला पदरातून सोडवून खिडकीत ठेवलं. मुकादम मोठ्यानं हसला. दिवाणजी माझ्या चऱ्यावर नख फिरवत म्हणाले, "ह्यो चरा ज्याच्यापायी पडला, त्यालाच?"

"तवा त्येला सवताचा बिल्ला असता तर माजा कशाला मागितला असता," फुला म्हणाली. "त्यो कसा हाय ते अजून कुनाला कळलंच न्हाई, दिवाणजी. मला बी न्हाई."

पेटीचं झाकण पडलं. आत अंधार, आणि बाहेरचं काही कळायला मार्ग नाही. पगाराच्या दिवशी रांगेचा गलका तेवढा ऐकू यायचा, कानस चालल्याचा आवाज यायचा. ती उभी चालली की आडवी, ते आतून ओळखता येत नव्हतं. एक पगार गेला, दोन गेले. मी मनाशी चऱ्याचीच तयारी करून ठेवली.

तिसऱ्या पगाराला झाकण उघडलं. दिवाणजींनी मला बाहेर काढून खिडकीत ठेवलं. फुलानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिनं काळूच्या हातातला बिल्ला घेतला आणि त्याच्या काठावरून अंगठा फिरवला. एक. दोन. तीन. मग सबंध काठ पुन्हा एकदा चाचपला. चरा नव्हता. तेव्हा कुठं तिनं मला उचललं आणि पदरात बांधलं.

आता रस्त्याचा आमचा तुकडा पुरा झालाय, दुकानाची शेडही निघाली. माझ्यावर आता कुणी मीठसुद्धा देणार नाही. तरी एक मागणं आहे. तुमच्या दाराशी कुणी कोऱ्या काठाचं आलं तर त्याला नुसतं परत पाठवू नका. एकदा कानस लावून तर बघा. चरा पडेलही, माझ्यावर पडलाच आहे.

दार लावताना फुला कधी कधी मला हातात घेते आणि अंगठ्यानं खाचा मोजते. मोजायला सुरुवात ती त्या चऱ्यापासून करते.