पत्र्यावरचा काळा कागद

माझ्या लेकाला, बिभीषणला, म्या त्या दिवशी निस्तं चपलेनं हाणायचं ठिवलं हुतं.

शेळ्यांच्या शेडवर पत्रा हाय. दर शिमग्याला म्या त्याला चुना मारते. पांढऱ्या पत्र्यावरनं ऊन माघारी जातंय, खाली शेळ्या निवांत. औंदा ह्या शहाण्यानं शेततळ्याचा उरलेला काळा प्लास्टिकचा कागद त्याच्यावर अंथरला. का, तर पत्रा गळतोय! भर उन्हाळ्यात कशानं गळतोय, तुझ्या घामानं?

आत माझी गाभण शेळी, चांदी, जीभ काढून धापा टाकीत पडलेली. आज-उद्या व्यायची.

"काढ तो कागद!"

"आये, ऱ्हाऊ दे की पावसाळ्यापस्तोर. रंगानं काय हुतंय?"

"रंगानं? आरं, म्या ध्रुवावर जाऊन आलेय!"

नात अर्पिता फिस्सकन हसली. ध्रुवावरचं बर्फ तिनंच मला मोबाईलवर दाखवलं हुतं. पर माझं बिंग फोडलं न्हाय, गुणाची हाय.

"येडशीला रेल्वेत बसले, डोळा लागला, जाग आली तर ध्रुव. शेजारी पांढरं अस्वल. त्याला भाकर-ठेचा दिला तर रडायलाच लागलं. तिखट लागलं का म्हणलं, तर म्हणतंय, न्हाय आज्जे, घर इरघळलं. समिंदरावर पांढरं बर्फ हुतं, ते ऊन माघारी धाडायचं. हवा तापली, बर्फ हटलं, खालचं काळं पाणी उघडं पडलं. आता ते पाणीच ऊन पितंय अन् उरलेलं बर्फ खातंय. हिवाळ्यात परत गोठतंय, पर दुधावरच्या सायीवानी. उन्हाळा लागला की गेलं."

"अस्वल मराठी बोलत हुतं व्हय?"

"तुझ्यापरीस बरं बोलत हुतं! जा, शेडमधी बस. माझा चहा हुस्तोर भाईर आलास तर तंगडं मोडीन."

गेला. म्या मुद्दाम बशीत फुंकर मारमारून प्याले. भाईर आला तवा चांदीला दोन्ही हातावर उचलून, घामानं निथळत. तिला लिंबाखाली ठिवलं अन् शिडी लावली.

कागद वढला तर चुन्याचे पापुद्रे त्याच्यासंगटच निघाले. खाली गंजका पत्रा.

"आये, चुन्याच्या एका हातानं भागणार न्हाय," वरनं वरडला.

"मग दहा हात मार! इथं शिडी तरी पुरती. तिथं समिंदरावर चुना मारायला कुणाचा बाप जाणार हाय?"

चांदी पाणी प्याली, उठून हुबी ऱ्हायली. अर्पिता बादलीत चुना भिजवत हुती.

"आज्जे, ते अस्वल कुठं गेलं मग?"

"मला इचारू नगंस," म्या म्हणलं. डोकं अजून तापलेलंच हुतं.